एक डोल, बारा तोफा: १:६४ कटरच्या लाकडी किटचा नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

किट अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाच्या सशस्त्र कटरच्या, म्हणजे छोट्या वेगवान जहाजाच्या, मॉडेलचं आहे; १:६४ म्हणजे मॉडेलचं प्रत्येक माप खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढं. डोलकाठी एकच, पुढे लांबलचक बोस्प्रिट (जहाजाच्या टोकावरून पुढे निघालेली काठी), दोन्ही बाजू मिळून बारा तोफा. चोरटा माल पकडायला ही वेगवान जहाजं वापरत. पहिलंच लाकडी जहाज करायचं असेल तर तीन डोलांच्या फ्रिगेट युद्धनौकेऐवजी इथून सुरुवात करावी, दोरकाम पुष्कळ कमी पडतं. काम जळगावात एप्रिल ते डिसेंबर चाललं. लाकूड चांगलं, लेझर कटिंग स्वच्छ. पण सूचनापुस्तिकेत हवेबद्दल अवाक्षर नाही, आणि खान्देशात निम्म्या चुका हवेमुळेच होतात.

सांगाड्याचा प्लायचा कणा आधी काचेवर आडवा ठेवून पाहावा. पीळ असेल तर तो तेव्हाच काढावा, फ्रेम (जहाजाच्या आडव्या बरगड्या) चिकटल्यावर निघत नाही. फ्रेमच्या कडा ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं वळणाप्रमाणे तासायच्या. एक सुटी पट्टी किमान तीन फ्रेमवर टेकवून बघावी. ती एखाद्या फ्रेमच्या फक्त कोपऱ्यावर टेकत असेल तर तासणं बाकी आहे. नाळेकडच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या) पहिल्या दोन फ्रेममध्ये मऊ लाकडाचा ठोकळा भरला की पट्ट्यांना आधार मिळतो. किटमध्ये तो दिलेला नाही.

खरी परीक्षा पट्ट्या बसवताना. पहिला थर बासवुड या मऊ लाकडाचा, १.५ × ५ मिमी. जहाजाच्या मध्यावर डेकपासून कण्यापर्यंत १०० मिमी भरलं तर वीस पट्ट्या लागतात. नाळेपाशी तेच अंतर ६० मिमी असेल तर तिथे प्रत्येक पट्टी ३ मिमीपर्यंत निमुळती करायची. न तासता दाबून बसवली की तिची कड वर उचलते आणि पुढच्या पाचही पट्ट्या बिघडतात. निम्म्याहून जास्त निमुळती मात्र करू नये, त्यापेक्षा एखादी पट्टी मध्येच थांबवावी. मागच्या बाजूला उलट होतं, तिथे जागा उरते आणि पाचरीसारखे तुकडे घालावे लागतात.

वाकवण्यासाठी पट्टी पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात ठेवून चिमट्यांनी जागेवर अडकवायची आणि रात्रभर वाळल्यावरच चिकटवायची. ओली चिकटवली तर वाळताना रुंदीत आकसते आणि दोन पट्ट्यांमध्ये फट पडते. मे महिन्यात हा त्रास दुप्पट. रात्री खोलीत कूलर चालतो, लाकूड ओल पितं; दुपारी ४४ अंशांत तेच कोरडं ठणठणीत होतं. पट्ट्या प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवाव्यात आणि कूलरच्या झोतात काम करू नये. अक्रोडाचा १ मिमीचा दुसरा थर तर उन्हाळ्यात लावूच नये, टोकाशी चिरतो. दिवाळीनंतर लावलेली बाजू आजही एकसंध आहे.

पट्ट्या कमी पडल्या तर हेदूच्या लाकडाच्या कापून घ्याव्यात, रेषा बारीक असते. सागवानाचा मोह होतो. ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानातच बांधली आणि आजही हार्टलपूलला तरंगते आहे. पण १:६४ ला सागाची रेषा फार जाड दिसते.

सांगाड्याला फेविकॉलच. फेविक्विकचा सांधा ठिसूळ राहतो आणि पावसाळ्यात त्याच्या वाफेचा पांढरा डाग उमटतो. चपड्याचं पॉलिशही त्याच कारणानं पावसाळा संपल्यावर करावं, दमट हवेत ते दुधाळ होतं.

तोफांच्या खिडक्या नकाशावरून कापू नका. एक तोफ पूर्ण जोडून डेकवर सरकवत न्या आणि नळीच्या मध्यावरून खूण करा. तोफेच्या गाड्याची पुढची चाकं मागच्यांहून किंचित मोठी असतात, कारण डेक मध्ये उंच आणि काठाकडे उतरता असतो. किटमध्ये दोन्ही मापं एकाच पुडीत येतात, आधी वेगळी करून ठेवावीत. डेकच्या फळ्यांमधली काळी रेघ २बी पेन्सिल कडेला घासून नीट येते. दोरा घालायची गरज नाही.

दोर हा या किटचा सगळ्यात कमजोर भाग. तोफा अडवायला १ मिमीचा दोर दिलाय, म्हणजे खऱ्या जहाजावर तो ६४ मिमी जाड झाला! लहान तोफेला ०.५ मिमी पुरतो. शिवाय दिलेला सुती दोरा तंतू सोडतो आणि हवेबरोबर बदलतो: पावसाळ्यात ओल धरून आखडतो, कोरड्या हवेत सैल पडतो. उन्हाळ्यात ताणून बांधलेल्या दोरानं श्रावणात डोलकाठी मागे खेचली. पॉलिएस्टरचा दोरा मेणावरून ओढून वापरल्यावर हा प्रश्न मिटला. डोलकाठी धरणारे दोर गडद डांबरी, शिडाचे हलते दोर फिकट. डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीच्या आडव्या दोऱ्यांत ६ मिमी अंतर ठेवावं, त्यांची क्लोव्ह हिच गाठ सैलच मारावी. घट्ट मारली की उभे दोर आत ओढले जाऊन शिडीला कंबर येते.

इथल्या धुळीत काचपेटी हवीच, पण ती हवाबंद नको. लाकूड आणि गोंदाची आम्ल वाफ आत कोंडली की शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी धरते. तळाला चार भोकं पाडून आतून मलमल चिकटवली की हवा खेळते आणि धूळ बाहेर राहते.