भाजल्याच्या टक्क्याला पन्नास हजार!

कळव्यात माझ्या मावशीकडे सिलिंडर बदलताना भडका उडाला. दोन्ही हात, गळा, छाती, असं मिळून ती तीस टक्के भाजली. कातडी लावायची ऑपरेशनं झाली, मग प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे. साठवलेले पैसे संपत आले आणि ओळखीतल्या ओळखीतून 'क्लेम करून देणारा' एकजण दारात हजर झाला.

त्याचा हिशेब ऐका. "टक्क्याला पन्नास हजार, म्हणजे पंधरा लाख कुठे जात नाहीत. काका, तुम्ही फक्त सह्या करा." त्यात त्याचा वाटा तीस टक्के. फाइल उघडायचे वेगळे, 'पॉलिसी चालू करायचे' वेगळे, सर्व्हेअरच्या (विम्याच्या तपासनिसाच्या) चहापाण्याचे आणखी वेगळे. वर हमी म्हणून काकांच्या सहीचा कोरा चेक घेतला आणि साहेबांना ओरिजिनल लागतात म्हणत डिस्चार्ज कार्डासकट सगळी बिलं नेली.

भाजल्याच्या टक्क्यावर असा दर कुठेही नाही. घरगुती गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी स्वतःच विमा काढलेला असतो. ग्राहकाला हप्ता नाही, नोंदणी नाही, मग 'चालू' काय करणार कपाळ? मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारांना माणशी जास्तीत जास्त २ लाख (एका अपघातातले सगळे जखमी मिळून ३० लाखांपर्यंत), नोंदलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. आपण फक्त गॅस एजन्सीला लेखी कळवून पोहोच घ्यायची. एजन्सी तेल कंपनीला कळवते, तिथून विमा कंपनीला जातं आणि सर्व्हेअर येतो. जळकी नळी, रेग्युलेटर तोवर टाकू नका. वस्तूच सदोष निघाली तर विम्यापलीकडची भरपाई ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. मुदत दोन वर्षं.

आमच्या एजन्सीला शेजाऱ्यांनी आधीच कळवलं होतं, म्हणून क्लेम पुढे सरकला. बिलं मागितली गेली तेव्हा हा गडी फोन उचलेना. शेवटी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून साक्षांकित प्रती काढून दिल्या.

खरा डाव पैसे जमा झाल्यावर कळला. त्याने कोरा चेक भरला, साडेचार लाखांचा! न मिळालेल्या पंधरा लाखांचे तीस टक्के. खात्यात तेवढे नव्हतेच, चेक बाउन्स झाला आणि कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, नोटीस आली: हातउसने दिलेले पैसे पंधरा दिवसांत परत करा. मावशीचे हात अजून नीट वळत नव्हते आणि काकांना वाटू लागलं, आता तुरुंगच.

काका वागळे इस्टेटमधले कारखाना कामगार. औद्योगिक कामगारांना, तसंच महिलांना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन. तिथल्या वकीलबाईंनी नोटिशीला खरमरीत उत्तर दिलं आणि एक गोष्ट सांगितली, ती आधी कुणीच सांगितली नव्हती: निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलालाही बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. हा तर वकीलही नव्हता.

पोलिसांत अर्ज दिलाय. चेकची केस त्याने अजून टाकलेली नाही, ओरिजिनल बिलंही दिलेली नाहीत. नंबर मात्र बदललाय. तुमच्याकडे कुणी 'टक्क्याला पन्नास हजार' म्हणत आला, तर बहुधा तोच असेल.