पार्ट लोडच्या ट्रकने परराज्यात घर हलवलं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सामान उतरवून झालं त्या संध्याकाळी मुकादमाने फोन पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, तेवढं रेटिंग देऊन टाका." मी पाचपैकी चार दिले. काचेचं एकही भांडं फुटलं नव्हतं, ६३ खोकी मोजून पुरी भरली होती, माणसं नीट वागली होती. आज तेच रेटिंग द्यायचं झालं तर मी अडीच देईन. या सेवांचे बहुतेक अभिप्राय असे पहिल्याच दिवशी दिलेले असतात. आमचं खरं नुकसान दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात बाहेर आलं, म्हणून हे आत्ता लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते त्या पद्धतीबद्दल आहे.

नोकरी मला लागली होती, सुमारे १,४०० किलोमीटरवर. मी आधी जाऊन रुजू झाले, पाच आठवडे भाड्याच्या एका खोलीत राहिले आणि शेवटच्या चार दिवसांत बांधाबांधीसाठी परत आले. तोवरची सगळी आवराआवर नवऱ्याने एकट्याने केली, तीही स्वतःचा नोटीस पीरियड पूर्ण करता करता. रात्री व्हिडिओ कॉलवर तो एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि विचारायचा, "ठेवू की देऊन टाकू?" दिवसभर नव्या ऑफिसात डोकं शिणलेलं असायचं, मी "टाक रे" म्हणून मोकळी व्हायचे. त्यातल्या कितीतरी वस्तू त्याच्या होत्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पूर्ण ट्रक आमच्या दोन खोल्यांच्या सामानाला मोठा होता आणि खर्चही झेपणारा नव्हता. म्हणून पार्ट लोड घेतला. यात तुमचं सामान जितकी जागा व्यापतं तितकेच पैसे, आणि त्याच ट्रकमध्ये आणखी दोन-तीन घरांचं सामान. ऐकायला हे सरळ वाटतं. बुकिंगच्या वेळी एक गोष्ट मात्र मला कोणी समजावली नाही आणि मीही विचारली नाही. हा ट्रक तुमच्या दारातून निघून थेट नव्या दारात येत नाही. छोटा टेम्पो सामान गोदामात नेतो, तिथे त्या दिशेचा माल जमेपर्यंत ते पडून राहतं, मग मोठ्या ट्रकमध्ये चढतं, दुसऱ्या टोकाच्या गोदामात उतरतं, पुन्हा टेम्पोत चढतं आणि मग घरी येतं. पूर्ण ट्रकमध्ये सामान एकदा चढतं, एकदा उतरतं. आमचं तीनदा चढलं आणि तीनदा उतरलं. दोनऐवजी सहा वेळा हाताळणी. पुढे जे जे बिघडलं त्यातलं बरंचसं या सहाच्या आकड्यात आहे.

सात ते नऊ दिवस सांगितले होते, सामान आलं एकोणिसाव्या दिवशी. त्यातले अकरा दिवस ते पहिल्याच गोदामात होतं. रोज फोन केला की "आज रात्री गाडी निघेल" हे एकच उत्तर.

ते एकोणीस दिवस आम्हाला सगळ्यात जड गेले. रिकामं घर, खिडक्यांना पडदे नाहीत, जमिनीवर दोन चादरी, आणि बोललं की भिंतींवरून आवाज परत यायचा. मी सकाळी निघून जायचे. तो त्या रिकाम्या खोल्यांमध्ये दिवसभर एकटा, ना काम, ना ओळखीचं कोणी, शेजाऱ्यांची भाषाही वेगळी. संध्याकाळी मी आले की आम्ही भांडायचो, ट्रकवरून, चावीवरून, दिवा कोणी चालू ठेवला यावरून. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ बदलांची ताणानुसार एक यादी केली होती. त्यात घर बदलण्याला २० गुण आहेत, जोडीदाराने नोकरी धरण्या-सोडण्याला २६, आणि नवरा-बायकोच्या भांडणांचं प्रमाण बदलण्याला ३५. ही यादी मी त्याच दिवसांत वाचली आणि माझ्यापुरतं बरंच उलगडलं. आम्ही सगळी तयारी त्या २० गुणांची केली होती, उरलेल्याची काहीच नाही. पार्ट लोड घेणाऱ्या जोडप्यांना म्हणूनच सांगते, कंपनीने सांगितलेल्या दिवसांच्या दुप्पट दिवस रिकाम्या घरात काढायचे आहेत असं धरून चाला. आणि दोघांपैकी ज्याला दिवसभर घरी बसावं लागणार आहे, त्याच्यासाठी खुर्ची, टेबल आणि पडदे यांची सोय पहिल्या दिवशी करा.

हातातल्या सामानात आम्ही कागदपत्रं, औषधं, लॅपटॉप, पॉवर बँक, दोन चादरी आणि एक्स्टेंशन बोर्ड घेतला होता. चूक एकच झाली. हत्यारांची पेटी सात नंबरच्या खोक्यात गेली, आणि पलंगाचे सगळे स्क्रूही त्याच खोक्यात.

आता वॉशिंग मशीन. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा फटका टाळणं पूर्णपणे आमच्या हातात होतं. आमचं मशीन फ्रंट लोड आहे. त्याचा ड्रम आत घट्ट बसवलेला नसतो, तो वरून स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि खालून डॅम्परनी, म्हणजे गाडीला असतात तसल्या शॉक ॲब्सॉर्बरनी, पेललेला असतो. नवीन मशीन येतं तेव्हा मागच्या बाजूने लांब बोल्ट घातलेले असतात, तो ड्रम प्रवासात हलू नये म्हणून. बसवायला आलेला माणूस ते काढून देतो आणि "जपून ठेवा" असं सांगतो. आमचे बोल्ट आधीच्याच घरी कधीतरी हरवले होते. पॅकिंगवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "नसले तरी चालतं, ड्रममध्ये चादरी कोंबतो." चादरी कोंबल्याने ड्रमच्या आतलं काही हलत नाही. ड्रम स्वतः हलायचा तो हलतोच. असा सुटा ड्रम १,४०० किलोमीटर आणि सहा वेळा चढ-उतार.

पहिला महिनाभर मशीन व्यवस्थित चाललं. दुसऱ्या महिन्यात पिळताना धडधड सुरू झाली, आम्हाला वाटलं फरशी सपाट नसेल. एक दिवस ते आपल्या जागेवरून वीतभर पुढे सरकून आलं. तंत्रज्ञाने मागचं झाकण उघडून दाखवलं, दोन्ही डॅम्पर गेले होते आणि एक स्प्रिंग आपल्या खाचेतून अर्धी निघाली होती. नुकसान कळवायची मुदत सात दिवसांची, ती कधीच संपली होती. मशीन कोणत्या कंपनीचं आहे ते बघून तिच्या सेवा केंद्राकडे बोल्ट मिळतात का, हे हलवायच्या महिनाभर आधी विचारा. आम्हाला ते नंतर मिळाले, आधी मागितले असते तर आधीही मिळाले असते.

पलंग आणि कपाटाची गोष्ट वेगळी आहे. हे दोन्ही पार्टिकल बोर्डचे. लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदासारख्या रसायनात दाबून केलेली ही फळी एकदा जोडून एका जागी ठेवायला ठीक असते. स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात पिळला की आतला चुरा निसटतो आणि पकड सैल होते. आमचा पलंग सहा आठवडे टिकला, मग डोक्याकडची बाजू सुटली. आणि इथे एक गोष्ट मला मोकळेपणाने लिहायची आहे. निघताना आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते त्याच्या वडिलांच्या जुन्या लाकडी टेबलावरून. टेबल जड, जागा खाणारं, आणि पैसे जागेप्रमाणे. मी म्हणत होते ठेवून जाऊ. तो म्हणत होता, "पलंग सोड, टेबल घे." आम्ही दोन्ही घेतलं. टेबलावर नऊ महिन्यांत एक ओरखडा दिसतो, तोही बहुधा आधीचाच. पलंग तीनदा दुरुस्त झाला. जागेच्या हिशोबाने सामान निवडताना ते हलवल्यावर टिकणार आहे का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. त्याने विचारला होता.

दुरुस्तीही त्यानेच केली. भोकात लाकडाचा गोंद भरायचा, त्यात दात कोरायच्या लाकडी काड्या ठासून बसवायच्या, एक दिवस वाळू द्यायचं, वर आलेली टोकं कापायची आणि मग स्क्रू घालायचा. तिसऱ्या वेळेपासून पकड टिकून आहे.

सोफ्याला बुरशी लागली. निघायच्या दिवशी पाऊस होता, हवा दमट होती, आणि माणसांनी सोफा प्लास्टिकच्या ताणफिल्मने वरपासून खालपर्यंत आवळून टाकला. आतला ओलावा एकोणीस दिवस आतच राहिला. उघडला तेव्हा नुसता कुबट वास आला, डाग तिसऱ्या महिन्यात मागच्या बाजूला दिसले. कापड आणि लाकूड आधी जाड चादरीत गुंडाळावं, प्लास्टिक वरून आणि तेही खालून मोकळं. खोक्यांचंही तसंच. पुठ्ठा अतिदमट हवेत आपली निम्मी ताकद गमावू शकतो, म्हणून गोदामात पडून राहणाऱ्या सामानासाठी पाचपदरी खोकी घ्या आणि जड खोकं तळाला ठेवायला लावा. आमची तीनपदरी खोकी सगळीच दबून आली होती.

जे चांगलं झालं तेही सांगते. ताटल्या आडव्या न रचता खोक्यात उभ्या लावल्या होत्या, एकही गेली नाही. टीव्ही पूर्ण प्रवासभर उभा राहिला. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा केला होता. तरी गोदामात तो कधी आडवा ठेवला गेला का, हे कळायला मार्ग नव्हता. आडवा झाला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. म्हणून घरी आल्यावर पूर्ण २४ तास उभा ठेवून मगच चालू केला. तो आजतागायत उत्तम आहे. पुस्तकं लहान खोक्यांमध्ये, एकेक पंधरा किलोच्या आत, त्यामुळे हमालांनी ती टाकली नाहीत, ठेवली.

आणि नवऱ्याची वही. प्रत्येक खोक्याला नंबर, खोकं बंद करायच्या आधी आतला फोटो, वहीत खोली आणि मुख्य चार वस्तू. नंबर खोक्याच्या वरच्या बाजूला न लिहिता तीन बाजूंना लिहिला होता, कारण खोकी एकावर एक रचली की वरची बाजू दिसत नाही. एकोणीस दिवस ट्रकची वाट बघताना त्याने ही वही इतक्या वेळा वाचली की कोणती वस्तू कुठे आहे हे त्याला पाठ झालं होतं.

विम्याबद्दल तीन गोष्टी, तिन्ही आम्ही ठेच लागून शिकलो. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतलं नुकसान अनेकदा विम्यात धरलं जात नाही. पावतीवर "माल सुस्थितीत मिळाला" असं छापलेलं असतं, त्यावर सही करण्याआधी "आतील तपासणी बाकी" असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो घ्या. शिवाय मुदतीच्या त्या सात दिवसांत सगळी खोकी उघडली नाहीत तरी चालेल, पण प्रत्येक यंत्र पूर्ण क्षमतेने चालवून बघा. आम्ही सात दिवसांत पुस्तकं लावली. मशीन दोनदा चालवलं, तेही अर्ध्या कपड्यांवर.

चौथ्या महिन्यापर्यंत त्याला काम मिळालं नव्हतं. त्या काळात त्याला "इथे आवडतंय का" असं विचारणं मी बंद केलं होतं, कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. हे चुकीचं होतं. एका रविवारी कपाटाचं दार निखळलं, ते दोघांनी मिळून बसवताना तो म्हणाला, "अगं, तुझी नोकरी आहे म्हणून आलो, त्याचं मला वाईट नाही. पण मी काय काय मागे ठेवलं ते तू एकदा तरी विचार." मग आम्ही ती वही घेऊन बसलो. तिच्या मागच्या पानांवर त्याने देऊन टाकलेल्या वस्तूंचीही यादी केली होती, तीन पानं. मी ती पहिल्यांदा बघत होते. त्या संध्याकाळी एकेका वस्तूबद्दल तो बोलला आणि मी ऐकलं. सहाव्या महिन्यात त्याला काम मिळालं, पण आमच्यातला ताण उतरायला सुरुवात झाली होती ती त्या रविवारपासून.

पुन्हा हलायची वेळ आली तर पार्ट लोड घेऊ का? खोकी, पुस्तकं, भांडी आणि भक्कम लाकडी सामान यांसाठी हो. तेवढ्यापुरती ही सेवा मी आजही सुचवेन. यंत्रं आणि गाद्या-सोफे मात्र असे पाठवणार नाही. ते छोट्या पण थेट जाणाऱ्या गाडीने पाठवू, किंवा निघण्याआधी विकून तिथे जाऊन घेऊ. पार्टिकल बोर्डचं काहीही सोबत नेणार नाही. आणि "देऊन टाकू का" हे ठरवायला रात्रीचा फोन नको, दोघं एका घरात असताना ठरवू.

मशीनचे नवे बोल्ट त्याने एका पिशवीत घालून मशीनच्या पाठीला चिकटपट्टीने लावून ठेवले आहेत. वहीत त्याची नोंद आहे, पान पहिलं.