रोस्किल्ड की हेलसिंगोर? कोपनहेगनहून एका दिवसाची निवड

कोपनहेगनच्या मुक्कामात एक दिवस मोकळा मिळाला की हा प्रश्न येतोच. रोस्किल्ड पश्चिमेला, रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर. हेलसिंगोर उत्तरेला, पाऊण तासावर. दोन्हीकडे युनेस्कोच्या यादीतली वास्तू आहे. एकच गाव जमणार असेल, तर माझं मत रोस्किल्डला.

त्याचं कारण तिथलं कॅथेड्रल. ११७० च्या दशकात विटांनी बांधायला घेतलेल्या या चर्चमध्ये डेन्मार्कचे जवळपास ४० राजे-राण्या दफन आहेत. प्रत्येक काळाने आपापलं दालन जोडल्यामुळे आठशे वर्षांची बांधणी एका फेरीत दिसते. मुख्य वेदीमागे पहिली मार्गारेट आहे, १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एकत्र आणणारी. चौथ्या क्रिस्तियानच्या दालनात मात्र मराठी माणसाने जरा जास्त थांबावं. त्याच्याच कारकिर्दीत, १६२० मध्ये, डॅनिश लोकांना तंजावरच्या नायक राजाकडून तमिळ किनाऱ्यावरचं तरंगंबाडी मिळालं. तंजावरच्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ भारतात आले ते तिथल्याच मिशनमध्ये.

कॅथेड्रलकडून उतार उतरत बंदरावर गेलं की व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय. अकराव्या शतकात शत्रूची वाट अडवायला लोकांनी जुनी जहाजं दगड भरून खाडीत बुडवली. १९६२ मध्ये त्यातली पाच वर काढली. सर्वांत लांब जहाज सुमारे ३० मीटरचं, १०४२ च्या सुमारास डब्लिन परिसरात बांधलेलं. हे त्याच्या ओकच्या लाकडातल्या वर्तुळांवरून कळलं. उन्हाळ्यात तशाच बांधणीच्या होडीत बसून स्वतः वल्हं मारता येतं. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका. कोणता भाग खुला आहे ते मात्र निघण्याआधी पाहून घ्या.

हेलसिंगोर मोठं झालं ते जकातीवर. इथे डेन्मार्क आणि स्वीडन यांमधला समुद्र जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. मार्गारेटचा वारस एरिक याने १४२९ च्या सुमारास येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर जकात बसवली, ती १८५७ पर्यंत चालली. पुढे मालाच्या किमतीवर जकात ठरू लागली. किंमत कप्तानाने सांगायची, पण त्याच किमतीला माल विकत घ्यायचा हक्क राजाचा! मग कमी सांगणार कोण? या पैशाच्या जोरावर दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ ते १५८५ मध्ये क्रोनबोर्ग किल्ला उभारला. शेक्सपिअरचा हॅम्लेट घडतो तो इथेच.

बाहेरून किल्ला देखणा आहे. पण १६२९ ची आग, १६५८ मध्ये स्वीडिश सैन्याने केलेली लूट आणि नंतर शंभरहून अधिक वर्षं सैनिकांची बराक, यामुळे आतली दालनं रिकामी-रिकामी वाटतात. तळघरात झोपलेल्या होल्गर डान्स्केचा, म्हणजे डॅनिश दंतकथेतल्या वीराचा, पुतळा पाहाच. मला किल्ल्यापेक्षा शेजारचं सागरी संग्रहालय जास्त आवडतं: जुन्या सुक्या गोदीभोवती जमिनीखाली बांधलेलं, २०१३ मध्ये उघडलेलं.

समोरचा किनारा १६५८ च्या तहात स्वीडनकडे गेला, आणि तो तह झाला रोस्किल्डमध्ये. फेरीने वीस मिनिटांत पलीकडे हेलसिंगबोर्गला पोहोचता येतं, पासपोर्ट जवळ ठेवा. एका दिवसात दोन देश हवे असतील किंवा नाटकाचं वेड असेल, तर खुशाल हेलसिंगोर निवडा. रविवारी निघणार असाल तरीही तेच सोयीचं, कारण कॅथेड्रलमध्ये सकाळी प्रार्थना असते आणि पर्यटकांना दुपारीच आत सोडतात.