इंटरनेट नसलेल्या मशीनवर एडिटरची पॅकेजेस: व्हीएस कोड, व्हिम की ईमॅक्स?

आमची टेस्टिंग लॅब अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. तिथल्या मशीनना नेटवर्कची वायर लावायची नाही हा नियम, आणि पेन ड्राइव्ह गेटवरच जमा होतो. आत काही न्यायचं तर घरून डीव्हीडी राइट करून आणायची, फॉर्म भरायचा, दोन सह्या घ्यायच्या आणि स्कॅन होईपर्यंत थांबायचं. हे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. म्हणजे एक फाइल घरी राहिली की तीन-चार दिवस गेलेच. तुमच्याकडे इतकी कडक व्यवस्था नसेल तर माझा निष्कर्ष तुम्हाला तंतोतंत लागू होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिथे कोड लिहायला एडिटर आणि त्याची पॅकेजेस, म्हणजे एडिटरला नवी कामं करू देणारी जोड, हवी होती. व्हीएस कोडने सुरुवात केली, कारण घरी तोच होता. त्याच्या पॅकेजला एक्स्टेन्शन म्हणतात, आणि त्याची व्हीएसआयएक्स फाइल एक्स्टेन्शनच्या यादीत राइट क्लिक करून उतरवता येते. आत नेल्यावर एक्स्टेन्शन पॅनेलच्या तीन टिंबांच्या मेन्यूतून ती उघडली की झालं काम. पहिल्या दिवशी थीम, कंसांचे रंग, फाइल आयकॉन असं सगळं पाच मिनिटांत बसलं. इतकं सोपं काम ईमॅक्समध्ये कधीच झालं नाही, हे मान्य करतो.

मग ज्यासाठी हा खटाटोप केला होता ते प्रोग्रामिंगच्या भाषेचं एक्स्टेन्शन टाकलं. नाव घेत नाही, कारण पुढच्या आवृत्तीत ते सुधारलंही असेल. ‘इन्स्टॉल झालं’ असं आलं. फाइल उघडली, तर खाली उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट आली: आवश्यक घटक डाउनलोड होत आहेत. निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत राहिली. मला वाटलं, डिस्कवरूनच काहीतरी उलगडत असेल. मी चहा पिऊन आलो, रेघ सरकतच होती. शेवटी कळलं की व्हीएसआयएक्स म्हणजे नुसता सांगाडा होता आणि खरा इंजिनाचा भाग पहिल्यांदा चालवताना नेटवरून यायचा होता. त्या दिवशी शुक्रवार होता. म्हणजे पुन्हा फॉर्म भरून मंगळवारची वाट पाहणं आलं. मंगळवारी तो भाग आणला, तर तो दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा निघाला.

माझा निर्णय इथेच झाला. पॅकेज आत नेणं कठीण नाही. ते पुरं आहे की अपुरं, हे आत गेल्यावरच कळणं मला परवडत नाही.

तरी व्हीएस कोडच हवा असेल तर डीव्हीडी राइट करण्याआधी एवढं करा. व्हीएसआयएक्स ही मुळात झिप फाइल आहे. तिची कॉपी करून नाव बदला, उघडा आणि ‘एक्स्टेन्शन’ फोल्डरमधली ‘पॅकेज डॉट जेसन’ वाचा. ‘एंजिन्स’पुढे एडिटरची किमान आवृत्ती असते. आतला व्हीएस कोड तिच्यापेक्षा जुना असेल तर एक्स्टेन्शन बसणारच नाही. ‘एक्स्टेन्शन डिपेंडन्सीज’ आणि ‘एक्स्टेन्शन पॅक’ या दोन नोंदी दिसल्या तर त्यातली प्रत्येक फाइल वेगळी उतरवावी लागते. काही एक्स्टेन्शनच्या विंडोज आणि लिनक्ससाठी निरनिराळ्या फाइली असतात, त्यातली आतल्या मशीनची निवडा. एवढं पाहूनही पहिल्या वेळी नेट मागणारं एक्स्टेन्शन ओळखू येईलच असं नाही. त्याला माझ्या माहितीत एकच उपाय आहे: घरी वायफाय बंद करून, कोऱ्या यूजर अकाउंटवर चालवून बघणं.

व्हिमबद्दल थोडक्यात सांगतो. २०१६ मध्ये आलेल्या आवृत्ती ८ पासून व्हिमला प्लगइन (त्याची पॅकेजेस) बसवायला वेगळा पॅकेज मॅनेजर लागत नाही. ‘पॅक’ फोल्डरमध्ये आपल्या नावाचा फोल्डर, त्यात ‘स्टार्ट’, आणि त्यात प्लगइनचा फोल्डर ठेवला की पुढच्या वेळी तो आपोआप लोड होतो. कशावर काय अवलंबून आहे हे मात्र व्हिम सांगत नाही, ते प्लगइनची रीडमी ही माहितीची फाइल वाचून आपणच शोधायचं. चार-पाच प्लगइनवर भागत असेल आणि बहुतेक काम टर्मिनलमध्ये असेल तर मी व्हिमच सुचवेन.

आता ईमॅक्स. त्यात पॅकेजेस जिथून येतात त्या पत्त्यांच्या यादीत वेबसाइटऐवजी मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता दिला तरी चालतो. म्हणजे अख्खं दुकानच आत नेता येतं. ग्नू एल्पा आणि मेल्पा हे ईमॅक्स पॅकेजेसचे दोन्ही ऑनलाइन साठे आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने उतरवून घेता येतात. मी तेवढं केलं नाही. ‘एल्पा-मिरर’ नावाचं पॅकेज आहे, ते घरच्या ईमॅक्समध्ये बसवलेल्या सगळ्या पॅकेजेसचा छोटा साठा बनवून देतं. घरी जे चालतं तेच सगळं त्यात असतं, आणि माझा साठा डीव्हीडीच्या एका कोपऱ्यात मावला. आत जाऊन मॅगिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसाठीचं पॅकेज) मागितलं, तर त्याला लागणारी विथ-एडिटर, ट्रान्झियंट आणि मॅगिट-सेक्शन ही पॅकेजेस त्याच फोल्डरमधून आपोआप आली. मशीनला वायर नाही हे ईमॅक्सच्या लक्षातही आलं नाही.

स्कॅनच्या टेबलावरही फरक पडला. तिथले काका दर वेळी विचारतात, “यात काय आहे हो?” व्हीएसआयएक्समधली जावास्क्रिप्ट बहुधा एकाच लांबलचक ओळीत दाबून बसवलेली असते, ती दाखवून काही सांगता येत नाही. ईमॅक्सची पॅकेजेस मात्र बहुतांशी वाचण्याजोगी असतात. मी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, वरची माहिती वाचून दाखवली आणि काकांनी सही केली.

ईमॅक्सनेही अडवलं, ते लपवत नाही. लॅबमधली आवृत्ती जुनी होती आणि पॅकेजवरच्या डिजिटल सह्या पडताळण्याच्या ग्नू एल्पाच्या जुन्या चावीची मुदत २०१९ मध्ये संपली होती. त्यामुळे पॅकेज समोर असूनही सही पटत नाही म्हणून ते बसेना. नव्या चाव्या ‘ग्नू-एल्पा-कीरिंग-अपडेट’ या पॅकेजमध्ये मिळतात. ते बसवण्यापुरती सहीची तपासणी बंद ठेवावी लागली, मग लगेच पुन्हा चालू केली. शिवाय भाषेचा सर्व्हर, म्हणजे कोडमधल्या चुका आणि सूचना एडिटरला पुरवणारा प्रोग्राम, इथेही वेगळाच आणावा लागतो. २०२३ च्या आवृत्ती २९ पासून त्या सर्व्हरशी जोडून देणारा एग्लॉट ईमॅक्समध्येच असतो, पण सी-प्लस-प्लससाठी क्लँगडीसारखा सर्व्हर लागतो तो लागतोच. माझ्या अनुभवात फरक एवढाच, की तो मशीनवर नसेल तर एग्लॉट लगेच तसं सांगतो. कोपऱ्यात रेघ सरकत ठेवत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी व्हीएस कोडच ठेवलाय. त्यांना लागणारी एक्स्टेन्शन तीनच, आणि एकदा बसल्यावर त्यांना वर्षभर हात लावावा लागला नाही. तुमची यादीही इतकीच छोटी असेल तर ईमॅक्स शिकण्यात दोन महिने घालवा असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण दर महिन्याला नवं काहीतरी लागत असेल आणि फॉर्म तुम्हालाच भरावा लागत असेल, तर एकदा ईमॅक्सचा साठा करून पाहा. फक्त घरची आणि आतली आवृत्ती एकच ठेवा. नाहीतर नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली पॅकेजेस आतल्या जुन्या ईमॅक्सवर बसणार नाहीत, आणि ते पुन्हा आत गेल्यावरच कळेल.