बेंडिगोची बोलकी ट्राम : बसावं कुठे, उतरावं कुठे

सोन्यावर उभं राहिलेलं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं हे शहर बघायला जुनी ट्राम उत्तम. सेंट्रल डेबोरा खाणीपासून चढा. ती खाण १९५४ मध्ये बंद पडली, आज पर्यटकांना आत नेतात. ट्राममधली माहिती ध्वनिमुद्रित असते, पण चाकांच्या खडखडाटात काही वाक्यं हरवतात.

जाताना डावी खिडकी धरा. पॉल मॉल या मुख्य रस्त्यावर जुनं पोस्ट ऑफिस (१८८३-८७) आणि न्यायालय (१८९२-९६) लागतात, दोन्ही वास्तुविशारद वॉटसनच्या आराखड्यांवर बांधलेली. दोन टप्प्यांत उतरणारी मॅन्सार्ड छपरं आणि खिडक्यांभोवतीचं नक्षीकाम ट्राममधून नीट दिसत नाही. उतरून समोरच्या फुटपाथवरूनच बघावं. शॅमरॉक हॉटेल (१८९७) उजवीकडे, ते परतीत डावीकडे येतंच.

खरी उणीव वेगळी. टाउन हॉल मागच्या हारग्रीव्हज स्ट्रीटवर असल्याने ट्राममधून तो दिसतच नाही. वास्तुविशारद वाहलँडने सजवलेलं त्यातलं सोनेरी दालन चुकवलं तर निम्मं बेंडिगो राहिलं म्हणा! चालत जा.

दुसऱ्या टोकाला लाल रंगाचं जॉस हाउस, चिनी खाणकामगारांचं मंदिर. त्याचं तिकीट वेगळं. जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच चौकशी करावी.