फोर-सीझन डोम टेंट, वर्षभर वापरल्यावर: पोल भक्कम, रनरनं घात केला

तंबूच्या दाराच्या झिपचा रनर, म्हणजे दात जुळवत वर-खाली सरकणारा तुकडा, झिजला. नवा मागितला, तर कंपनीचं परवा पुन्हा तेच उत्तर आलं, म्हणून हे लिहायला घेतलं. झिप झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. रनर सुटा मिळत नाही. बाहेरचं कव्हर पाठवा, दाराचं पूर्ण पॅनल बदलून देऊ, चार हजार आठशे रुपये. छत्रपती संभाजीनगरहून जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून. साडेसत्तावीस हजारांच्या तंबूला बसणारा रनर इथल्याच गुलमंडी बाजारात चाळीस रुपयांना मिळतो.

वजन, मापं, वॉटरप्रूफ रेटिंग विक्रीच्या पानावर आहे, परत लिहीत नाही. भाड्याच्या तंबूंचा कुबट वास आणि उसवलेल्या शिवणी किती वर्षं सोसायच्या, म्हणून आम्ही मित्रांनी वर्गणी काढून हा घेतला.

पहिला वापर श्रावणात म्हैसमाळला. तिथं माझं मत वाईट झालं होतं. रात्रभर तिघांच्या श्वासाची वाफ गार कापडाला लागायची आणि पहाटे थेंब टपटप खाली. स्लीपिंग बॅगेचा पायाकडचा भाग ओला. व्हेंटिलेशनला पाचपैकी दोन, असं तेव्हा ग्रुपवर लिहिलं होतं. आता चार देतो. म्हैसमाळच्या ढगात बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते, तिथं व्हेंट तरी काय करणार? हिमाचलमधल्या स्पितीच्या कोरड्या हवेत वरचे दोन्ही व्हेंट उघडे ठेवले, तर सकाळी कापडावर फक्त बारीक हिमाचा थर. तो झटकला की काम झालं.

पोलबद्दल मात्र पहिल्यापासून कौतुकच आहे. स्पितीतल्याच चंद्रताल तळ्याजवळ, सुमारे ४,२५० मीटरवर, दुपारनंतर वारा असा उठतो की उभं राहून बोलता येत नाही. शेजारचे दोन पोलांचे साधे तंबू जमिनीला टेकत होते. आमचा थरथरला, पण वाकला नाही. चार पोल एकमेकांना छेदतात, कापडावर लहान लहान त्रिकोण तयार होतात आणि वाऱ्याचा जोर एका जागी न साचता सगळीकडे वाटला जातो. अमेरिकन वास्तुविशारद बकमिन्स्टर फुलर यांनी घुमटासाठी मांडलेलं हे तत्त्व १९७५ च्या सुमारास तंबूंमध्ये आलं. डिझाइन करणाऱ्यानं इथं डोकं लावलंय, ते मान्य करायलाच हवं.

आणि त्याच संध्याकाळी बाहेरच्या दाराची झिप गेली. रनर वर जात होता, पण त्याच्या मागे दात उघडेच. कारण सोपं आहे. स्पितीची धूळ पिठासारखी बारीक. ती रनरमध्ये बसते, प्रत्येक फेरीला आतला धातू घासते, त्याची पकड सैल होते आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. चेन शाबूत, कापड शाबूत, पण दार उघडं. अशा वाऱ्यात दार उघडं म्हणजे नुसती थंडी नव्हे. वारा आत शिरला की कव्हर फुगतं आणि पेग, म्हणजे तंबूचा खुंट, उपटतो. आम्ही दाभण आणि मेणदोऱ्यानं दार शिवून टाकलं. दुसऱ्या बाजूला दार होतं म्हणून आत-बाहेर करता आलं. तंबूच्या पडवीत, म्हणजे कव्हरखालच्या मोकळ्या जागेत, शिवलेल्या दाराआड स्टोव्ह पेटवणं शक्यच नव्हतं, कार्बन मोनॉक्साइडनं माणसं झोपेत जातात. खडकाच्या आडोशाला चहा केला. तिथं पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळीचा नाद सोडला.

परत आल्यावर गुलमंडीतल्या बॅग रिपेअरवाल्या चाचांकडं कव्हर नेलं. त्यांनी चेनवरून नख फिरवलं, रनर उलटा करून उजेडात धरला आणि म्हणाले, "साहेब, चेन एक नंबर आहे. आठ नंबरचा रनर लागंल." टोकाचे दोन टाके उसवले, जुना काढला, आतून-बाहेरून दोन्हीकडून ओढायची पट्टी असलेला नवा घातला, टोक शिवलं. रनर चाळीस, मजुरी चाळीस. तोच रनर पुढं हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फात चालला, एकदाही अडला नाही.

ही कंपनी तंबू "पर्यावरणपूरक" म्हणून विकते, कव्हर रिसायकल केलेल्या कापडाचं आहे म्हणून. मग रनरपायी तेच धडधाकट कापड फेकायचं कसं पटावं? डोंगरातला निवारा टिकतो तो जागेवर दुरुस्त होण्यावर. लडाखच्या चांगथांग पठारावरचे चांगपा पशुपालक याकच्या केसांच्या पट्ट्या शिवून रेबो, म्हणजे त्यांचा तंबू, उभा करतात, पट्टी झिजली की तेवढी उसवून नवी लावता येते. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये जवानांसाठी दाखवलेला सौर तंबू बघा. दहा जणांचा, पण प्रत्येक सुटा भाग ३० किलोच्या आत, म्हणजे माणसांनी उचलून न्यावा. आमचे बीडचे ऊसतोड कामगार बांबू आणि पाचटाची कोपी फडावर हाती येईल त्यातून नीट करतात. साडेसत्तावीस हजारांच्या तंबूकडून मी एवढीच अपेक्षा करतोय.

बाकी थोडक्यात. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून दिवसा विनाकारण उभा ठेवू नका, नायलॉन कुजतं. घरी स्लॅबखालच्या माळ्यावर कोंबून ठेवू नका. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो, आतलं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं. मी सुती पिशवीत, सैल घडी करून, खालच्या कपाटात ठेवतो. शिवणी अजून घट्ट आहेत, पेग हलके पण खडकाळ जमिनीत वाकतात, स्टीलचे वेगळे घ्या.

तंबूला चार तारे, सर्व्हिसला एक. कंपनीला मेल केलाय की सोबतच्या रिपेअर पिशवीत दोन रनर टाका आणि झिपचा नंबर पानावर लिहा. घेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी तो नंबर विचारून घ्या आणि तेवढ्याच मापाचे रनर, पक्कड, दाभण सोबत ठेवा. पक्कडीनं जुना रनर दाबून तात्पुरतं काम होतं, पण हलक्या हातानं. जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, जोर लावला की तडकतो.