बैलजोडीच्या फोटोसाठी गिम्प वापरून पाह्यलं

यंदा पोळा फुटायच्या आधी आखरावर मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडमधी (मागचं आपोआप धूसर करते तो) जोडीचे फोटो काढले, अन् घरी येऊन पाहतो तं शिंगांची टोकं मागच्या कडुलिंबासोबत ब्लर, गोंडे तं दिसूनच नाही राहिले. वर्षातून एकदा सजते जोडी, मन लय खट्टू झालं. सुदैवानं साधे फोटोही काढले होते, म्हणून मागचं आपल्याच हातानं धूसर करायले लॅपटॉपवर गिम्प टाकलं, फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, १९९६ पासून चालू आहे, मार्च २०२५ मधी आलेलं ३.० मी वापरून राहिलो.

फोटोच्या लेयरची, म्हणजे थराची, कॉपी करायची, खालच्या लेयरला गॉसियन ब्लर (धूसर करायचा फिल्टर) द्यायचा अन् वरच्या लेयरला पांढरा मास्क, म्हणजे काय दिसू द्यायचं ते ठरवणारा पडदा, लावायचा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तिथलं वरचं लपते अन् खालचा ब्लर दिसते, पांढरा फिरवला की परत येते, करडा फिरवला तं अर्धंमुर्धं. आधी मी इरेजरनं पुसत होतो, त्यात कान गेला म्हणजे गेला. मास्कमधी काहीच पुसल्या जात नाही, कीबोर्डवरचं एक्स दाबून ब्रशचा रंग पालटा अन् कान परत आणा. ३.० मधी ब्लर किती ठेवायचा तेही मागून बदलता येते, हे मले सगळ्यात जास्त आवडलं.

पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. शिंगं लाल रंगवलेली, तं ब्लर केल्यावर तो लाल बाहेर पसरतो अन् मास्क कितीही बारीक करा, शिंगांभोवती लालसर धुकं राहतेच. मी दोन रात्री कडाच घासत बसलो, अन् गडबड होती खालच्या लेयरमधी. तिथला बैल आधी क्लोन टूलनं झाकायचा, आजूबाजूचा पाला त्याच्यावर भरायचा अन् मगच ब्लर मारायचा. दुसरं म्हणजे खुरांजवळची माती ब्लर नका करू, नाहीतं बैल कापून चिकटवल्यासारखा दिसते. मातीवर मास्कमधी पांढऱ्याकडून काळ्याकडं ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) ओढा, जवळची साफ राहते अन् मागं हळूहळू धूसर होत जाते.

शेपटीच्या केसांले वेळ लागते, तिथं मऊ ब्रशच घ्या. अन् काम एक्ससीएफमधी, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाईलमधी, सेव्ह करत जा, जेपीजीमधी मास्क राहत नाही.

तालुक्यातून प्रिंट काढून आणली. बाबांनी चष्मा लावून पहिले गोंडे मोजले, चारही होते.